४० सेकंदांची क्लिप ताणून तीन मिनिटं? माझा तरी विरोध

शहापूरकर (धागाकर्ता)
बेळगावच्या शिवजयंती चित्ररथ मिरवणुकीत आमच्या मंडळाचा सजीव देखावा होता. ट्रॅक्टर रामदेव गल्लीत आला तेव्हा एका कार्यकर्त्याने मोबाईलवर ४० सेकंदांची क्लिप घेतली. नीट आलंय ते एवढंच. बाकीच्यांच्या व्हिडिओत पुढच्या माणसाचं डोकं आणि त्याच्या हातातला मोबाईल! आता ग्रुपवर टूम निघालीय, की यूट्यूब शॉर्ट्स ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतो, तर आपलाही तीन मिनिटांचाच टाकू. ॲपमध्ये स्पीड कमी केला की झालं.

झालं कसलं? क्लिप ३० फ्रेमची आहे, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं. ४० चे १८० सेकंद करायचे तर वेग साडेचार पट कमी करावा लागणार, म्हणजे सेकंदाला जेमतेम सात खरी चित्रं, बाकी तीच परत परत. मी करून बघितलं. मावळा झालेला पोरगा तलवार उपसताना असा अडखळतो, की म्यानात गंज धरलाय असं वाटावं. तीन मिनिटांची मर्यादा आहे, सक्ती नाही. ४० सेकंद चांगले असतील तर ४० च टाका.

लग्नाचं_शूटिंग, खानापूर
साफ चूक. लांबवणं म्हणजे फक्त स्लो करणं असं तुम्हीच गृहीत धरलंय. लग्नात वरमाला अर्ध्या मिनिटात उरकते, तरी आम्ही ती दोन मिनिटं दाखवतो आणि नवरा-नवरी खूश असतात. क्लिप फोर-केमध्ये असेल तर एकदा पूर्ण दाखवा, मग तीच झूम करून नुसते चेहरे घ्या. फोर-केत १०८० च्या (फुल एचडीच्या) चौपट पिक्सेल असतात, त्यामुळे चित्र फुटत नाही. फोटो घाला. एक फोटो सहा सेकंद, हळूहळू जवळ जाणारा. दहा फोटोंत एक मिनिट भरलं.

आणि स्लोच हवं असेल तर निम्म्याच्या खाली जाऊ नका. मधल्या फ्रेम ॲपला तयार करू द्या. झेंडा, धूर, घोड्याची मान यांना ते छान लागतं. लेझमाला लावू नका, हातच वितळल्यासारखे दिसतात.

ताशावाला_पोर
चित्राचं काय ते करा, पण आमच्या आवाजाला हात लावू नका. वेग निम्मा केला की स्वर एक सप्तक खाली जातो, ढोल म्हणजे नुसती घरघर. ॲपमध्ये स्वर तोच ठेवायचं बटण असतं, पण त्यात ताशाची तर्री, म्हणजे जलद ठोक्यांची सलग थरथर, फाटते, पाण्याखाली वाजवल्यासारखी. आवाज वेगळा काढून मूळ वेगात ठेवला तर काठी एकीकडे पडते आणि ठोका दुसरीकडे ऐकू येतो. काय कराल्यात ते बघून करा की वो!

निपाणीची_लेक
बघणाऱ्याचाही विचार करा. चांगलं काही दिसलं तर माणूस स्वतःहून परत बघतो. ताणलेलं असेल तर अंगठा दहाव्या सेकंदालाच वर सरकतो. माझं मत मूळ पोस्टला.

गल्लीतला_जुना
मला हा सोवळेपणा कळत नाही. क्रिकेटचा रिप्ले स्लोच असतो, त्याला कुणी फसवणूक म्हणतं का? पोरांनी महिनाभर राबून देखावा उभा केला, रात्रभर उन्हाळ्याच्या उकाड्यात ट्रॅक्टरवर पुतळ्यासारखी उभी राहिली आणि लोकांनी ४० सेकंदांत गुंडाळायचं? पुण्याला, दुबईला गेलेल्या बेळगावकरांना जरा वेळ बघू दे की.

शहापूरकर
@गल्लीतला_जुना, रिप्लेच्या आधी चेंडू खऱ्या वेगात पडलेला आपण बघितलेला असतो. आणि तिथले कॅमेरे मुळातच सेकंदाला भरपूर फ्रेम घेतात, म्हणून ते गुळगुळीत दिसतं.

एआय_वाला
एवढी डोकेफोड कशाला? शेवटची फ्रेम एआयला द्या, पुढचे सेकंद तोच बनवून देतो.

शहापूरकर
यालाच माझा सगळ्यात जास्त विरोध. स्लो केलेलं निदान घडलेलं तरी असतं. एआय जी गर्दी घालणार ती रामदेव गल्लीत नव्हतीच. दहा वर्षांनी कुणी त्या वर्षीची मिरवणूक म्हणून हाच व्हिडिओ काढून दाखवेल, तेव्हा काय सांगायचं? आपल्या सीमाभागात मिरवणुकीचं चित्रण म्हणजे नुसती करमणूक नसते, ते तुम्हालाही माहीत आहे.

एआय_वाला
मग तळाला लिहा ना तसं. सिनेमात सगळं खरं असतं का?

लग्नाचं_शूटिंग, खानापूर
तळाचं कोण वाचतो? इथे मी शहापूरकरांच्या बाजूने. एक राहिलं. कुणीतरी क्लिप उलटी चालवून जोडा म्हणेल, ते नको. झेंडा उलटा फडकलेला कळत नाही, पण ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये गर्दीत घुसतो!

ताशावाला_पोर
😂 पुढच्या वर्षी फोन थेट २४० फ्रेमवरच लावू मग.

लग्नाचं_शूटिंग, खानापूर
रात्री नको. आपली वीज ५० हर्ट्झची, बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण २४० वर घेतलं की पडदाभर लुकलुक होते. शिवाय प्रत्येक फ्रेमला उजेड कमी मिळतो, चित्र दाणेदार येतं. ६० वर घ्या, निम्मा वेग केला तरी पूर्ण ३० फ्रेम उरतात.

गल्लीतला_जुना
ते पुढच्या वर्षीचं. यंदाचं काय ते बोला.

शहापूरकर
आधी ४० सेकंद खऱ्या वेगात, खऱ्या आवाजासकट. मग झेंड्याचे दहा सेकंद निम्म्या वेगात, म्हणजे वीस. शेवटी देखावा रंगवतानाचे पाच फोटो. दीड मिनिट झालं. त्याच्या वर एक सेकंदही मी ताणणार नाही. तीन मिनिटंच हवीत त्यांनी आपापल्या मोबाईलमधलं पाठवा, डोकी आलेलं असलं तरी चालेल. फक्त व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता व्हिडिओ म्हणून टाकलात तर दाबला जाऊन येतो.