सव्वा तास वेटिंग, दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि जोशी काकूंच्या पोळ्या

अनघा बी-७०४: नमस्कार. कोणाला दुखवायचा हेतू नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. रविवारी ग्रुपवर सुचवलेल्या त्या थाळीच्या हॉटेलात गेलो होतो. सव्वा तास फुटपाथवर उभे. आत बसलो तर वाढप्याने पानात सगळं एकदमच वाढलं आणि गेला तो गेलाच. दुसरी पोळी मागायला ह्यांना उठून किचनच्या दारापर्यंत जावं लागलं. अळूच्या भाजीत शेंगदाणे शोधून काढले, दोन मिळाले. वर बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज. सर्व्हिस कोणी केली? ह्यांनी!

रोहन सी-६०१: 😂😂

अनघा बी-७०४: नाव घेत नाही, नाहीतर साठे साहेब परत ग्रुपचे नियम चिकटवतील. ज्यांनी सुचवलं त्यांना कळलं असेलच.

देशपांडे काका ए-२०१: कळलं. मीच सुचवलं होतं. मी गेलो तेव्हा उत्तम होतं. ताटाभोवती रांगोळी असायची.

मेघना ए-६०४: काका, गेला होतात केव्हा?

देशपांडे काका ए-२०१: मंदारच्या मुंजीनंतर लगेच.

रोहन सी-६०१: काका, मंदार दादाच्या मुलाचं बारसं झालं ना या मे महिन्यात 🙈

देशपांडे काका ए-२०१: मालक तेच आहेत.

मेघना ए-६०४: अनघा, तू सर्व्हिस चार्ज दिलास का? द्यायचा नव्हता. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने स्पष्ट सांगितलंय की हॉटेलने तो आपणहून बिलात लावायचा नाही, तो ऐच्छिक आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या होत्या, पण दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. ५ टक्के जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज काढून बिल परत मागायचं. नाही म्हणाले तर तिथेच उभं राहून १९१५ ला फोन लावायचा.

अनघा बी-७०४: मागे पंचवीस माणसं उभी असताना कोण फोन लावतंय गं. ह्यांनी तर वर टीपही ठेवली.

निंबाळकर बी-१०३: तुमचे कुलकर्णी साहेब देवमाणूस आहेत.

पाटील सर सी-४०२: विषयांतराबद्दल क्षमस्व. आज सी विंगच्या ओल्या कचऱ्यात पुन्हा पार्सलचे काळे प्लॅस्टिकचे डबे सापडले, रश्शासकट. कचरा उचलणाऱ्या ताईंनी न्यायला नकार दिला, आणि त्यांचं बरोबर आहे. ओला-सुका वेगळा करावा, डबे धुऊन सुक्यात टाकावेत. धन्यवाद.

अनघा बी-७०४: असो. झालं ते झालं. आता मदत करा. पुढच्या शनिवारी नागपूरहून सासू-सासरे आणि नणंद येतायत. मराठी जेवण, फार वेटिंग नको, आणि मुख्य म्हणजे मामंजींचे गुडघे दुखतात, तर जिना नको. सुचवा.

देशपांडे काका ए-२०१: बादशाही. टिळक रोड. डोळे मिटून जा.

मेघना ए-६०४: काका, ती म्हणाली वेटिंग नको.

देशपांडे काका ए-२०१: तिथे नाव लिहून थांबण्यातच मजा आहे. बाहेर ओळखीची माणसं भेटतात.

साने वहिनी सी-३०३: दुर्वांकुर पण छान. नाहीतर आपटे रोडला श्रेयस, किंवा आशा डायनिंग हॉल. आमच्याकडच्या सगळ्या केळवणांना आम्ही श्रेयसलाच जातो.

अनघा बी-७०४: धन्यवाद वहिनी. जिना आहे का पण?

निंबाळकर बी-१०३: नागपूरच्या माणसाला गोड वरणाची थाळी खायला घालणार? ताई, ते लोक सावजी रस्सा पचवणारे. आवारेंकडे न्या सदाशिव पेठेत, मटणाची थाळी खाऊ दे. किंवा नळ स्टॉपच्या बाजूला निसर्ग, मासे चांगले मिळतात.

अनघा बी-७०४: ते शाकाहारी आहेत हो निंबाळकर साहेब.

निंबाळकर बी-१०३: नागपूरचे असून? अरेरे.

रोहन सी-६०१: मी नागपूरचाच. नागपुरात शाकाहारी पण असतात काका 😀 ताई, त्यांना मिसळ खायला न्या. पुण्यात येऊन थाळी काय खायची.

देशपांडे काका ए-२०१: बेडेकर. नारायण पेठ. विषय संपला.

रोहन सी-६०१: बेडेकरांची गोडसर लागते काका आम्हाला. काटाकिर्र ठीक, तर्री मागून घेता येते. किंवा टिळक रोडला रामनाथ, ती खरी झणझणीत.

देशपांडे काका ए-२०१: रोहन, बेडेकर १९४८ पासून आहेत. तेव्हा तुझे आजोबा शाळेत असतील. तिखट म्हणजे चव नव्हे. नुसतं तिखट तर कोणीही टाकतं, आंबट-गोड-तिखट जमवायला हात लागतो.

मेघना ए-६०४: वैद्यांकडची कोणी धरतच नाही. फडके हौदाजवळ. आल्या-मिरचीचा रस्सा, लाल तवंग नाहीच. जळजळ नको असेल तर वयस्कर माणसांना तीच बरी.

निंबाळकर बी-१०३: मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड देणाऱ्या गावाने मिसळीवर बोलू नये.

देशपांडे काका ए-२०१: निंबाळकर, तुमच्या कोल्हापुरात काय पुरी देतात का? ब्रेडच देतात. स्वतः खाऊन आलोय.

निंबाळकर बी-१०३: आमचा ब्रेड वेगळा.

शेख भाभी बी-५०२: हा वाद गेल्या दिवाळीतही झाला होता 🙏

अनघा बी-७०४: जिन्याचं कोणी सांगेल का प्लीज?

पाटील सर सी-४०२: आज सी विंगच्या ओल्या कचऱ्यात पुन्हा पार्सलचे काळे प्लॅस्टिकचे डबे सापडले, रश्शासकट. कचरा उचलणाऱ्या ताईंनी न्यायला नकार दिला, आणि त्यांचं बरोबर आहे. ओला-सुका वेगळा करावा, डबे धुऊन सुक्यात टाकावेत. धन्यवाद.

रोहन सी-६०१: सर, पोचलं. दोनदा.

पाटील सर सी-४०२: डबे तुमच्याच मजल्यावरचे होते म्हणून.

रोहन सी-६०१: सहाव्या मजल्यावर मी एकटा राहत नाही सर. भाडेकरू दिसला की कचरा त्याचाच. मी तर घरीच स्वयंपाक करतो, रोज. काल वांग्याची भाजी केली, भात लावला. पार्सल कोणाकडे येतं ते गेटच्या रजिस्टरमध्ये बघा.

साने वहिनी सी-३०३: पार्सलचा विषय निघालाच आहे तर सांगते, कोणाला उद्देशून नाही. रविवारी लिफ्टमध्ये जो वास असतो त्याचं काहीतरी करायला हवं. आमच्याकडे सोवळं पाळणारी माणसं येतात.

निंबाळकर बी-१०३: नाव घ्या की वहिनी. रविवारी मटण मीच आणतो. चार पिशव्यांत बांधून आणतो.

साने वहिनी सी-३०३: मी कोणाचं नाव घेतलेलं नाही.

निंबाळकर बी-१०३: आणि चातुर्मासात साडेनऊनंतर बिर्याणीचं पार्सल तिसऱ्या मजल्यावर कोण घ्यायचं, तेही मी नाव घेत नाही.

(साने वहिनी सी-३०३ यांनी हा मेसेज डिलीट केला आहे)

साठे सेक्रेटरी ए-१०१: सर्व सन्माननीय सभासदांना नम्र विनंती. हा ग्रुप सोसायटीच्या कामकाजासाठी आहे. वैयक्तिक टिप्पणी टाळावी. कोण काय खातो हा विषय मागच्या सर्वसाधारण सभेत संपलेला आहे, इतिवृत्तात नोंद आहे. जेवणाविषयीची चर्चा मर्यादेत चालू ठेवण्यास हरकत नाही. ता. क. एस. पीज.ची साजूक तुपातली बिर्याणी व्हेजही मिळते.

मेघना ए-६०४: साठे साहेब 😂 तुम्हीपण?

शेख भाभी बी-५०२: अनघा, संध्याकाळी त्यांना कॅम्पात फिरवून आण ना. माझं माहेर तिकडचंच. कयानी बेकरीची श्रुजबेरी बिस्किटं नागपूरला न्यायला बांधून घे. फक्त दुपारी जाऊ नकोस, मधे बंद असतं, पाहुणे घेऊन शटरसमोर उभी राहशील. दोराबजी १८७८ पासूनचं, पण तिथे तुमच्या कामाचं फार नाही. मार्झ-ओ-रिनची सँडविचं चालतील.

अनघा बी-७०४: भाभी, हे चांगलं सांगितलंत. कयानी नक्की.

शेख भाभी बी-५०२: आणि ते आले की घरी चहाला ये घेऊन. शाकाहारीच करीन, काळजी नको. मूगडाळीचा हलवा जमतो मला. तूप जास्त घालते एवढंच.

निंबाळकर बी-१०३: आम्हाला कधी बोलावलं नाही हलव्याला.

शेख भाभी बी-५०२: ईदला तीन वाट्या शीर खुर्मा कोणी घेतला भाईसाहब?

मेघना ए-६०४: अनघा, एक विचारू? बाहेर न्यायलाच हवं का? जोशी काकूंना सांग ना पुरणपोळ्या.

साने वहिनी सी-३०३: घरून पदार्थ विकणाऱ्यांनी अन्न परवान्याची नोंदणी करावी लागते असं वाचलं होतं. माहितीसाठी सांगते.

जोशी काकू ए-३०२: साने वहिनी, माझ्या डब्याच्या झाकणावर १४ आकडी नंबर छापलेला आहे. गणपतीत तुम्ही २१ मोदक नेलेत त्या डब्यावरही होता. चष्मा लावून बघा.

साने वहिनी सी-३०३: मी जनरल बोलले.

जोशी काकू ए-३०२: आणि तेव्हा पारी जाड होती असं तुम्ही लिफ्टमध्ये मेघनाला म्हणालात, तेही पोचलं माझ्यापर्यंत. त्या वर्षी नवा आंबेमोहोर मिळालाच नाही, जुन्याची पिठी होती. जुन्या तांदळाच्या कळ्या काढताना चिरतात, म्हणून पारी जरा जाड ठेवावी लागते. सारण ओलं राहून मोदक फुटण्यापेक्षा ते बरं. ज्यांनी कधी उकड मळली नाही त्यांना हे कळायचं नाही.

मेघना ए-६०४: काकू, मी काही सांगितलं नव्हतं हं.

देशपांडे काका ए-२०१: लिफ्टमध्ये बोललेलं या सोसायटीत राहतच नाही.

अनघा बी-७०४: काकू, खरंच जमेल का शनिवारी? मामंजींना कवळी आहे, मऊ लागतील पोळ्या.

जोशी काकू ए-३०२: मऊच असतात गं माझ्या. डाळ बोटाने चिरडली जाईल इतकी शिजवायची, कट निथळून घ्यायचा आणि मग गूळ. चिकीचा गूळ घालायचा नाही, पोळी कडक होते. पुरण आटत आलं की मधोमध डाव उभा करून बघायचा. पडला तर अजून आटवायचं, उभा राहिला की गॅस बंद. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं. मिक्सरमध्ये फिरवलेलं पुरण मला चालत नाही, चिकट होतं. कणीक सैल, तेलात तिंबून दोन तास झाकून. मग लाटताना कडेपर्यंत पुरण जातं. कडा कोरड्या राहिल्या की म्हातारी माणसं तेवढ्या काढून ठेवतात.

अनघा बी-७०४: आणि कटाची आमटी?

जोशी काकू ए-३०२: कट काढलाय तर आमटी होणारच. त्याचे पैसे लावत नाही. गोडा मसाला घरचा आहे, दगडफूल जरा जास्त असतं माझ्याकडे.

निंबाळकर बी-१०३: आमटी मला पाठवा काकू. कांदा-लसूण मसाला घालून घेतो वरून.

जोशी काकू ए-३०२: मग नाही पाठवत.

रोहन सी-६०१: ताई, तुमच्या सासूबाई गोळाभात करतात का हो? आई गेल्या महिन्यात करून गेली, मला एकट्याला जमत नाहीये. गोळे फुटतात वाफेला.

अनघा बी-७०४: करतात ना! आत्ताच फोन झाला. म्हणतात हॉटेल वगैरे काही नको, सांबारवड्या (आपल्या कोथिंबिरीच्या) करून आणतायत डबा भरून. मामंजींना फक्त एकदा वैशालीला जायचंय. ते पुण्याला शिकायला होते तेव्हा तिथे बसायचे म्हणे. बस्स, बाकी काही नाही.

देशपांडे काका ए-२०१: कुठल्या कॉलेजात? कोणत्या साली? शनिवारी मी रिकामाच आहे.

मेघना ए-६०४: काका 😂

अनघा बी-७०४: या की काका. सकाळी साडेसातला निघतोय, नंतर गर्दी होते. तुमच्या गाडीत एक सीट असेल तर बरंच होईल, आम्ही पाच जण आहोत.

देशपांडे काका ए-२०१: असेल. परत येताना केसरीवाड्याजवळ ‘प्रभा’मधून बटाटेवडे घेऊ.

अनघा बी-७०४: रोहन, तू शनिवारी संध्याकाळी घरी ये. सासूबाईंना गोळ्यांचं विचार, त्या समोर करून दाखवतील. पीठ जाडसर लागतं म्हणतात.

रोहन सी-६०१: येतो! डाळी आणि तेल मी आणतो.

पाटील सर सी-४०२: आज सी विंगच्या ओल्या कचऱ्यात पुन्हा पार्सलचे काळे प्लॅस्टिकचे डबे सापडले, रश्शासकट. कचरा उचलणाऱ्या ताईंनी

पाटील सर सी-४०२: चुकून अर्धा गेला. रजिस्टर पाहिलं. डबे ६०३ चे होते. रोहन, तुझे नव्हते.

रोहन सी-६०१: धन्यवाद सर.

पाटील सर सी-४०२: ६०३ ग्रुपवर आहेत का?

साठे सेक्रेटरी ए-१०१: ६०३ यांनी मागच्या महिन्यात ग्रुप सोडला आहे. पत्र देऊ.

अनघा बी-७०४: काकू, मग शनिवारी दुपारी बारापर्यंत वीस पोळ्या आणि आमटी. पैसे आजच पाठवते.

जोशी काकू ए-३०२: पैसे पोळ्या खाल्ल्यावर. डबा स्टीलचा आणून दे, प्लॅस्टिकमध्ये पोळ्यांना घाम येतो. तूप तुमचं.

मेघना ए-६०४: काकू, सहा मला पण.

साने वहिनी सी-३०३: जोशी काकू, माझ्याही दहा धरा. शनिवारी आमच्याकडे पण माणसं आहेत.

जोशी काकू ए-३०२: दहा नाही जमणार वहिनी. चार देते. पातळ लाटून.