शनिवारची सायन्स सिटी: अकरा मुलं, चौदा मोठे आणि एक ओला रुमाल

मेधा (बी-३०२), रात्री ८.१०
उत्तरायण झालं, पतंग उतरले. आता येत्या शनिवारची आपल्या सोसायटीची सहल, बडोद्याहून अहमदाबादची सायन्स सिटी (मोठं विज्ञान केंद्र), पक्की करतेय. मुलं ११, त्यातली ६ पाच वर्षांखालची. मोठे १४. २६ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर सांगितली आहे. लहानातलं लहान पोरही मांडीवर नको, प्रत्येकाची आपली सीट. सोमवारी तिथे बंद असतं आणि रविवारी गर्दी उसळते, म्हणून शनिवार. ज्यांना या जागांची नीट माहिती आहे त्यांनी आजच लिहा. उद्या रात्री यादी पिन करते.

निनाद (सी-४०३), ८.१९
गाडीचं मी बघतो. सकाळी ६.४५ ला गेटवर, ७ ला निघायचंच. दुमाड चोकडीवरून (चौकातून) अहमदाबादचा एक्स्प्रेसवे. तो ९३ किलोमीटरचा, पण संपतो शहराच्या पूर्वेला आणि आपल्याला जायचंय पश्चिमेला, सोला-हेबतपूरकडे. शहरात शिरायचं नाही, सरदार पटेल रिंग रोडने वळसा घ्यायचा. अडीच तास धरा.
एक्स्प्रेसवेवर कुठेही कडेला गाडी लावता येत नाही, त्यामुळे उलटीचा बंदोबस्त आधीच करायचा. निघताना पेलाभर दूध पाजू नका. अर्धं केळं किंवा अर्धी दशमी पुरे. अगदी रिकाम्या पोटीही मळमळतं. गाडी लागणारी मुलं पुढच्या दोन रांगांत, खिडकीतून लांब बघत. मोबाईल कुणाच्याच हातात नको, खाली मान घालून बघितलं की दहा मिनिटांत त्रास सुरू होतो. आणि पिशव्या घरीच फुंकून बघा, भोक असेल तर तिथेच कळेल.

मेधा (बी-३०२), ८.२२
म्हणजे सकाळी सेव उसळ रद्द 🙏 परत आल्यावर.

गोखले सर (ए-१०४), ८.४०
सायन्स सिटी १०७ हेक्टरची आहे. एका दिवसात सगळं बघायचा हट्ट धरला तर पाच वर्षांचं मूल दुपारपर्यंत मोडून पडतं आणि हात कशालाच लागत नाही. माझं म्हणणं असं: सकाळी हॉल ऑफ सायन्स (हात लावून करायचे खेळ), दुपारी जलचर दालन, बस. रोबोटिक्स दालन सात वर्षांपुढच्यांसाठी, एक मोठा माणूस तीन मुलांना वेगळं नेईल. जलचर दालन बघायची जागा आहे, करायची नाही, म्हणून ते दमल्यावर. २८ मीटरचा बोगदा आहे, डोक्यावरून शार्क जातात. बाकदार काचेमुळे मासे आहेत त्यापेक्षा लहान दिसतात, हे मोठ्या मुलांना जरूर सांगा.
नवरंगपुऱ्याकडे विक्रम साराभाई कम्युनिटी सायन्स सेंटरही आहे. तिथली गणिताची प्रयोगशाळा पाचवीपुढच्यांसाठी उत्तम, ती फेरी वेगळी करू. सर सी. व्ही. रामन यांनी २२ डिसेंबर १९६८ ला त्याच सेंटरमध्ये ‘आकाश निळं का’ या विषयावर व्याख्यान दिलं होतं. मुलं गाडीत हाच प्रश्न विचारणार, तेव्हा ‘असंच असतं’ म्हणू नका.

स्मिता ताई (डी-१०२), ८.५८
बालवाडीच्या बाजूने एक गोष्ट. आपल्या मुलांना म्युझियम म्हणजे कमाटी बागेतलं बडोदा म्युझियम माहीत. १८९४ ची ती इमारत, महीच्या मुखाशी आलेल्या देवमाशाचा सत्तर फुटांहून लांब सांगाडा, आणि पावलोपावली ‘हात लावू नका’. तिथे ते बरोबरच आहे. पण तीच सवय घेऊन मूल सायन्स सिटीत आलं तर हात मागे बांधून उभं राहतं आणि आईकडे बघतं. म्हणून आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं एकाच सोप्या खेळापाशी थांबा. हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू सगळ्यांत बरा. मोठ्यांनी आधी स्वतः हात घालून चेंडू उचलायचा, बाजूला सोडायचा, मग मुलाच्या हातात द्यायचा. दोनतीनदा चेंडू खाली पडू दे. पडला की उचलायला धावू नका, मूलच उचलतं.
दुसरं: पाटी वाचून दाखवायची नाही. आधी ‘आता काय होईल?’ एवढंच विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. आपण तिसऱ्या आकड्यालाच उत्तर देऊन मोकळे होतो.

प्राजक्ता (बी-१०१), ९.०४
ताई, चेंडू पडत का नाही म्हणून विचारलं तर काय सांगायचं?

गोखले सर (ए-१०४), ९.११
चार वर्षांच्या मुलाला: ‘वारा त्याला वर ढकलतो आणि बाजूला गेला की परत आत ओढतो.’ सात वर्षांच्या मुलाला झोत हळूच तिरपा करायला लावा. चेंडू तिरप्या झोतातही टिकून राहतो. त्याच्या गोलाव्यावरून वाहणारी हवा वळते आणि चेंडूला झोतातच धरून ठेवते. फार तिरपा केला की पडतो. किती तिरप्यापर्यंत टिकतो हे मुलालाच शोधू दे, त्यात पंधरा मिनिटं सहज जातात आणि ती वाया नाहीत.

गोखले सर (ए-१०४), ९.३३
आता विज्ञान केंद्रांत ठिकठिकाणी आढळणारे काही खेळ आणि ते कुठे फसतात ते लिहितो. ‘बंद पडलंय’ म्हणून लोक पुढे जातात, आणि पुष्कळदा यंत्र ठणठणीत असतं.

हाताची बॅटरी. एक तांब्याचा पत्रा, एक ॲल्युमिनियमचा, मध्ये काटा. दोन्ही तळवे ठेवले की काटा हलतो. तळहाताचा घाम हेच बॅटरीतलं पाणी. जानेवारीत हात कोरडे असतात, मुलांचे तर जास्तच, काटा ढिम्म. ओला रुमाल जवळ ठेवा, तळवे दमट करा, मग ठेवायला सांगा. काटा सरकतो. नंतर चौघांनी हातात हात धरून साखळी करा, दोन टोकांच्या दोघांनी एकेका पत्र्यावर हात ठेवायचा. काटा कमी हलतो. का, ते त्यांनाच विचारा.

केस उभे करणारा गोल, व्हॅन डी ग्राफ. याचं नेमकं उलट. याला कोरडी हवा लागते. पावसाळ्यात दमट हवेमुळे वीज साठतच नाही, निसटून जाते. जानेवारी उत्तम. केस धुतलेले आणि कोरडे हवेत, तेल लावलेले चिकटून बसतात. शनिवारी सकाळी मुलांच्या डोक्याला तेल नको. पेसमेकर असलेल्यांनी याच्या जवळही उभं राहू नये.

कुजबुजीच्या तबकड्या. लांब अंतरावर समोरासमोर दोन मोठ्या वाट्या. ९० टक्के लोक समोरच्याकडे तोंड करून ओरडतात. तोंड आपल्या तबकडीकडे, पाठ समोरच्याकडे. बोलायची जागा कडीने किंवा खुणेने दाखवलेली असते आणि ती मोठ्यांच्या उंचीची असते. चार वर्षांच्या मुलाचं तोंड त्याच्या खाली जातं, काहीच ऐकू येत नाही. कडेवर उचला. आणि खरंच कुजबुजा, ओरडलं तर सरळ हवेतूनच ऐकू येतं आणि गंमत जाते.

गोठलेली सावली. अंधारी खोली, चमकणारी भिंत, झगझगाट. पाठ भिंतीला चिकटवून उभं राहायचं, उजेड पडेपर्यंत हलायचं नाही, मग बाजूला व्हायचं. भिंतीपासून हातभर लांब उभं राहिलं की सावलीची कड पुसट येते. आठ मुलं एकदम घुसली तर नुसता काळा ढग उमटतो. तिघातिघांनी आत. आधीची सावली विरेपर्यंत थांबा.

कप्पीची खुर्ची. मूल स्वतःला दोरीने वर खेचतं. जास्त कप्प्यांची खुर्ची हलकी लागते पण दोरी पुष्कळ ओढावी लागते. एका खुर्चीवर दोरी किती हात ओढली ते मोजायला लावा, मग दुसरीवर. बोटं कप्पीत जाऊ नयेत म्हणून मोठा माणूस पाठीशी हवा, आणि दोरी एकदम सोडायची नाही, हाताहाताने उतरवायची.

कल्पना आजी (ए-००२), ९.४१
सर, पेसमेकरचं सांगितलंत ते बरं केलंत. आमच्या मजल्यावर दोघांना आहे. चालणं किती?

निनाद (सी-४०३), ९.४६
आजी, दालनांमध्ये अंतर आहे. ज्येष्ठांनी दोन दालनंच बघा, घडीची खुर्ची गाडीत ठेवतो. बाबागाडीही न्या, झोप आलेलं पोर दुपारी दोघांचे खांदे मोडतं.

प्राजक्ता (बी-१०१), ९.५०
अंधाराला किंवा मोठ्या आवाजाला घाबरणारी मुलं?

स्मिता ताई (डी-१०२), १०.०२
आधी घरी बोला: ‘एक खोली काळी आहे, आत उजेड चमकतो, मग दार उघडतं.’ आत नेताना दाराजवळची जागा घ्या. नको म्हटलं की नकोच, ‘बघ सगळे गेले’ असं म्हणायचं नाही. पाच वर्षांखालच्यांना हलत्या खुर्च्यांचे सिनेमे टाळाच. डोळ्यांना हालचाल दिसते एक आणि अंगाला जाणवते दुसरी, त्यामुळे मळमळ होते. आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलांना कानावरचे मफ न्या, कापूस पुरत नाही.
आणि रडारड सुरू झाली तर ती बहुतेक वेळा भुकेची, तहानेची किंवा शूची असते. दर ४५ मिनिटांनी पाणी, दीड तासाने खाणं, आत शिरण्याआधी सगळ्यांना शू. थेपले, दशम्या, केळी, लीलो चेवडो. खाऊन हात धुवा, पुसणं पुरेसं नाही. शेकडो हात लागलेल्या वस्तू असतात.

मेधा (बी-३०२), १०.१०
मूल हरवलं तर? हे आधीच ठरवून ठेवूया.

स्मिता ताई (डी-१०२), १०.२४
१. पाचाखालच्या दोन मुलांमागे एक मोठा, नावानिशी ठरलेला. ‘सगळे बघताहेत’ म्हणजे कुणीच बघत नाही.
२. गाडीत बसण्याआधी गेटवर प्रत्येक मुलाचा पायापर्यंतचा फोटो. कुठल्या रंगाचे बूट होते हे घाबरल्यावर आठवत नाही.
३. सगळ्यांना पिवळी टोपी. मनगटाच्या पट्टीवर पालकाचा फोन नंबर, तोही आतल्या बाजूला. मुलाचं नाव बाहेर लिहायचं नाही, परक्याने नावाने हाक मारली की मूल विश्वास ठेवतं.
४. मूल दिसेनासं झालं की एक जण जागेवरच थांबतो, दुसरा आधी बाहेरच्या दाराशी जातो, तिसरा गणवेशातल्या रक्षकाला सांगतो. शोधत फिरायचं ते त्यानंतर.
५. मुलाला एवढंच शिकवा: ‘हरवलो तर चालायचं नाही, उभं राहायचं आणि मोठ्याने आईचं पूर्ण नाव घ्यायचं.’ नुसतं ‘आई’ म्हटलं तर पन्नास बायका वळतात.

मेधा (बी-३०२), १०.२८
पिवळ्या टोप्या उद्या मंगळ बाजारातून आणते. ११ + २.

निनाद (सी-४०३), १०.४५
रविवारी सकाळी आपल्या बागेत याचंच पुढचं करूया. सायन्स सिटीत केलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा हाताला लागलं की टिकतं. उताराची घसरण मी बनवतो. ११० मि.मी.चा पीव्हीसी पाइप, ३ मीटर, लांबीत मधोमध चिरून दोन पन्हळ्या. कापलेली कड १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासायची आणि वर कापडी टेप, नाहीतर बोट कापतं. एक टोक ३० सें.मी. वर धरलं तर चेंडू रमतगमत जातो, ६० वर ठेवलं तर पन्हळीबाहेर उडतो. मुलांना विटा ठेवून उंची बदलू द्या. सांधा करताना वरची पन्हळी खालच्या पन्हळीत बसवायची, उलट केलं तर चेंडू कडेला अडतो.
चेंडू टेनिसचेच. गोट्या अजिबात नकोत.

प्राजक्ता (बी-१०१), १०.४८
टेबल टेनिसचे चालतील ना? हलके असतात.

स्मिता ताई (डी-१०२), १०.५५
नाही गं. तीन वर्षांखालच्यांसाठी खेळण्यातला चेंडू सुमारे ४४.५ मि.मी.पेक्षा मोठाच हवा, तो नियम घशात अडकण्याच्या धोक्यासाठी आहे. टेबल टेनिसचा ४० मि.मी.चा. टेनिसचा साडेसहा सें.मी.च्या पुढे, तो बरा. आणि दिवे लावणारी, स्क्रू नसलेल्या झाकणाची खेळणी आणू नका. चपटी बटण बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. उलटी करवायची नाही, थेट हॉस्पिटल.

गोखले सर (ए-१०४), ११.०६
साबणाच्या फुग्यांचं पाणी माझ्याकडे. १ लीटर आरओचं पाणी, १०० मि.ली. भांड्यांचा लिक्विड साबण, २५ मि.ली. ग्लिसरीन. आधी पाण्यात ग्लिसरीन, मग साबण हळूच. ढवळताना फेस करायचा नाही, फेसातून मोठा फुगा निघत नाही. बोअरचं जड पाणी घेतलं तर साबण त्यातच खर्ची पडतो. रात्रभर झाकून ठेवायचं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच करतो.
दोन काड्या, मध्ये सुती दोऱ्याचा फास. दोरा आधी पाण्यात पूर्ण भिजवायचा, कोरड्या दोऱ्यावर पडदा धरत नाही. नायलॉनचा दोरा पाणी धरत नाही. सकाळी ९ च्या आत, वारा सुटण्याआधी, आणि सावलीत. कोरड्या बोटाने फुगा फुटतो, ओल्या बोटाने आत बोट घालता येतं. हे मुलांना आपण सांगायचं नाही, दोन बादल्या ठेवायच्या, एक पाण्याची आणि एक रिकामी. शोधतील.
फरशीवर नको, साबणाने घसरतील. मातीवर.

कल्पना आजी (ए-००२), ११.१०
ग्लिसरीन कुठे मिळेल?

गोखले सर (ए-१०४), ११.१२
मेडिकलच्या दुकानात, १०० मि.ली.ची बाटली. चार लीटर करायचंय, तेवढी एक पुरते. आजी, तुम्ही जुन्या सुती साडीच्या काठाच्या दहा चिंध्या काढून ठेवाल? हातभर लांबीच्या. फासाला त्याच बऱ्या, आणि उरलेल्या शनिवारी ओल्या करून न्यायच्या.