बिल चुकीचं आणि फोनवर माणूसच नाही
इंटरनेट कनेक्शन बंद करूनही पुढचं बिल आलं आणि कस्टमर केअरला कुणी भेटतच नाही, हे तुमचं वाचून फार राग आला. माझ्या बाबतीतही हेच घडलं होतं. नवीन कनेक्शनचा पर्याय दाबला की लगेच माणूस बोलतो. तक्रारीसाठी मात्र तेच संगीत, तेच 'प्रतीक्षा करा'. हा निव्वळ अन्याय आहे.

बिलाचा फक्त एकूण आकडा बघू नका, आतला तपशील उघडा. मासिक भाडं बरेचदा आगाऊ आकारतात, म्हणून बंद केल्याच्या तारखेनंतरचे दिवस वजा झालेत का ते कालावधीच्या रकान्यात तपासा. माझ्या बिलात ते झाले नव्हतेच, वर राउटर परत न केल्याचा दंड! राउटर नेणाऱ्याने दिलेली सही-तारखेची पावती जपून ठेवली होती, म्हणून तो दंड रद्द झाला.

फोनवरच्या बोलण्याचा आपल्या हातात पुरावा राहत नाही, त्यामुळे ईमेलच करा. कुठली रक्कम मान्य, कुठली अमान्य हे वेगवेगळं लिहा, पावतीचा फोटो जोडा, तक्रार क्रमांक मागून घ्या. आणि हो, ऑटो-डेबिट चालू असेल तर ते आजच थांबवा. एकदा पैसे कापले गेले की परतावा मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

उत्तर नाही आलं तर नवी तक्रार नोंदवत बसू नका. तोच क्रमांक देऊन वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागा.