तुमच्या कॉलेजात वंशभेदावरून वादळ उठलं तेव्हा तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

खारीबिस्किट
परवा आमच्या मिझूच्या (युनिव्हर्सिटी ऑफ मिसुरी, कोलंबिया) माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर परत भांडण जुंपलं. २०२४ मध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या संघटनेच्या 'वेलकम ब्लॅक' बार्बेक्यूचं नाव 'ब्लॅक अँड गोल्ड' करायला लावलं होतं, ते कोणीतरी उकरून काढलं. रंग कॉलेजचेच, म्हणजे तक्रार करायलाही जागा नाही. त्याच वर्षी डायव्हर्सिटीचा विभागही गुंडाळला.

मला एकदम नोव्हेंबर २०१५ आठवला. मी सेंट लुईसला नोकरीत. वंशभेदाविरुद्धच्या मुलांच्या आंदोलनामुळे ९ तारखेला विद्यापीठाचे प्रेसिडेंट टिम वुल्फ यांनी राजीनामा दिला आणि त्याच महिन्यात मला डोनेशनसाठी फोन. एक पोरगी कागदावरचं वाचून विचारतेय, मिझूमधली तुमची आवडती आठवण कोणती. मी मध्येच म्हटलं, अगं तू बरी आहेस ना तिथे? ती गप्पच. मग हळूच म्हणाली, धमक्या आल्या तेव्हा रूममेट घरी गेली ती अजून आली नाहीये. मागून कोणाचा तरी आवाज आला तशी परत कागदावर, ५० डॉलर जमतील का? दिले मी. त्या पोरीला दिले की वुल्फच्या खुर्चीला, देव जाणे.

तुम्ही काय केलंत? पैसे दिलेत, बंद केलेत, पत्र लिहिलंत? इतर कॉलेजवाल्यांनीही लिहा.

बंड्या_आयोवा
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहितो. सप्टेंबरपासून कृष्णवर्णीय मुलं सांगत होती की रस्त्यात शिव्या ऐकाव्या लागतात, होमकमिंगच्या परेडमध्ये वुल्फची गाडी अडवली, त्यांच्यातला जोनाथन बटलर २ नोव्हेंबरपासून उपोषणाला बसला, तरी वुल्फ ढिम्म. ७ तारखेला फुटबॉल टीममधली कृष्णवर्णीय पोरं म्हणाली आम्ही खेळत नाही. बीवाययू (ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी) बरोबरची मॅच बुडाली तर १० लाख डॉलरचा फटका. दोन दिवसांत राजीनामा! उपोषण कोणाला दिसलं नाही, तिकीटं दिसली.

मग दोन वर्षांत फर्स्ट इयरची मुलं ३५ टक्क्यांनी घटली, सात हॉस्टेलं बंद. २०१७ च्या खग्रास ग्रहणाला रिकाम्या खोल्या भाड्याने दिल्या तेव्हा आम्ही सहकुटुंब राहून आलो. तीच करकरणारी प्लास्टिकची गादी. बायको म्हणाली ह्याला कॉलेजला आधार देणं म्हणतात का. झाली तिसरी, पळतो.

पंतोजी
दुसरी बाजू पण लिहा की. मी जर्नालिझमचा, १९०८ साली निघालेलं स्कूल, आम्हाला केवढा अभिमान! आणि त्याच विद्यापीठात कम्युनिकेशन शिकवणारी बाई आंदोलकांच्या तंबूंपाशी व्हिडिओ काढणाऱ्या विद्यार्थ्याला हाकलायला माणसं बोलावते? मुलांचं दुःख खरं, पण म्हणून कॅमेरा बंद? मी जनरल फंडाचे पैसे थांबवले आणि मुलांच्या 'मॅनईटर' पेपरला द्यायला लागलो. निदान छापून तरी आणतील.

मावशीबोलतेय
मी मिझूची नाही पण भाचा होता. आमच्या आत्याबाई वारेपर्यंत सगळ्यांना सांगायच्या, आंबेडकर शिकले त्याच कोलंबियात आमचा नातू आहे. ते न्यूयॉर्क, हे मिसुरी, कोण समजावणार. लाडूबिडू वाटून झाले होते 😄

धुळ्याची_मिरची
मी तेव्हा तिथेच पीएचडीला. त्या वर्षी ९ ला धनत्रयोदशी होती, १० च्या रात्री यिक याकवर (निनावी पोस्टचं अ‍ॅप) काळ्या मुलांना गोळ्या घालायच्या धमक्या. मी चकल्या तळत होते तर लॅबमधली मैत्रीण (काळी, कॅन्सस सिटीची) दारात, हातात उशी. आज इथे झोपू का? बाहेर गाडीचा दरवाजा वाजला की ती खाताखाता थांबायची. एकटीने अर्धा डबा संपवला.

आमच्या देशी मंडळींचं पालुपद एकच, आपला काय संबंध, आपण व्हिसावर. हो बाबा, पण लॉईड गेन्सला काळा म्हणून ह्याच लॉ स्कूलने घेतलं नाही. १९३८ ला सुप्रीम कोर्टात जिंकला आणि १९३९ ला शिकागोत गायब, आजतागायत पत्ता नाही. पहिली काळी मुलं आली १९५० ला, म्हणून २०१५ च्या आंदोलनाच्या नावातच १९५०, 'कन्सर्न्ड स्टुडंट १९५०'. गेन्सला मानद पदवी दिली २००६ साली! त्याच्या नावाच्या ब्लॅक कल्चर सेंटरपुढे २०१० ला कोणीतरी कापसाचे बोळे टाकून गेलं, गुलामांच्या कापूसवेचणीवरून. संबंध कसा नाही? तुमच्या-आमच्यासाठी दार त्यांनीच ढकललं ना.

आता मी दरवर्षी देते पण खाली लिहून, फक्त त्या सेंटरच्या कामासाठी. ऑफिसवाले गोड बोलून म्हणतात जनरलला द्या, सोयीचं पडतं. त्यांना पडत असेल.

पंतोजी
@मिरची, उशीचं वाचून थांबलो. कॅमेऱ्याबद्दल माझं मत तेच आहे हं.

धुळ्याची_मिरची
असू दे की. पेपरला देताय ते चांगलंच आहे.

नुसताच_वाचक
नवरा अ‍ॅमहर्स्ट कॉलेजचा. तिथे लॉर्ड जेफ हा मॅस्कॉट (कॉलेजचं प्रतीक), म्हणजे मूळनिवासींना देवीच्या जंतूंची पांघरुणं द्या असं सुचवणारा जेफ्री अ‍ॅमहर्स्ट. २०१६ ला काढला, आता मॅमथ आहे. म्हाताऱ्या माजी विद्यार्थ्यांनी चेकबुकं मिटली. सासऱ्यांचे एक मित्र अजून जुना स्वेटर घालून येतात आणि जेवणभर तेच. नवऱ्याने मात्र त्या वर्षी दुप्पट दिले, म्हणे त्यांची उणीव भरून काढतो. माझं डिशवॉशर राहिलं ते राहिलंच.

सातारी_कंदी
अमेरिकेचं कशाला, आपल्याकडे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ चा, नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधे घरं जळली, माणसं मेली. बाबा तिथलेच, ह्या विषयावर बोलतच नाहीत.

खारीबिस्किट
@कंदी, ह्यावर वेगळा धागा काढाच, इथे चार ओळींत वाया जाईल. बाबांना विचारून बघा.

नवीनआई
जरा अवांतर. लेकीला मिझूला अ‍ॅडमिशन मिळालीय, आपल्या रंगाच्या पोरीला पाठवावं का? वाचून पोटात गोळा आला.

बंड्या_आयोवा
पाठवा हो. आधी तिथे शिकणाऱ्या दोन-तीन देशी आणि काळ्या मुलींशी फोनवर बोलून घ्या, ब्रोशरमधल्या नको. आणि तिथलं टायगर स्ट्राइप आइस्क्रीम खायला सांगा.

मावशीबोलतेय
मिरची, चकलीचं प्रमाण दे ना. माझ्या दुसऱ्या दिवशी मऊ पडतात.

धुळ्याची_मिरची
आच मोठी ठेवत असाल मावशी. मेसेज करते.