संगतीपायी शाळकरी वयात केलेले उद्योग: तुमचे अनुभव

मुसाफिर
काल सोसायटीच्या पार्किंगमध्ये नववीतली तीन पोरं स्कूटरमधलं पेट्रोल नळीने काढताना सापडली. दोघं पळाली. तिसरा नळी हातात धरून तसाच उभा. त्याचा चेहरा बघितला आणि 1994 आठवलं. आम्ही चौघं सायकल स्टँडवरून डायनामो काढायचो. पाना माझ्याकडे असायचा. माझ्या सायकलला डायनामो होता, मला दुसरा नकोच होता! जबरदस्ती कुणाचीच नव्हती. नुसतं "येतोस ना?" एकटा असतो तर हात लावला नसता. पकडलो गेलो तेव्हा बाबा हेडसरांच्या खोलीत चपला बाहेर काढून उभे होते. अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तुम्हीही लिहा.

चकली
कुकर लावलाय, पटकन लिहिते. मुलीही काही कमी नसतात. आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येकीने कटलरीच्या दुकानातून एकेक नेलपेंट उचललं. माझं पिठाच्या डब्यात लपवलेलं. एकदाही लावलं नाही. शिट्टी झाली, येते.

रानवारा
डायनामो! चाकाला टेकला की सायकल काय जड जायची. साताऱ्याकडचे का तुम्ही?

गावठी
आमचा गुटखा. आठवीत. 2012 च्या बंदीच्या बऱ्याच आधी, टपरी शाळेच्या गेटसमोरच. मित्र पुडी फाडून अर्धी माझ्या तळहातावर ओतायचा. नको म्हटलं तर त्यालाच नको म्हटल्यासारखं वाटायचं. वडिलांची बदली झाली म्हणून माझं सुटलं. तो एकतिसाव्या वर्षी गेला. जबड्याचा कॅन्सर.

चकली
गावठी, फार वाईट वाटलं हो. आई आहे का त्याची?

गावठी
आहे. दिवाळीला जाऊन येतो.

अबोली
मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते. "मी नुसता बाजूला उभा होतो" हे वाक्य रोज ऐकते, आणि बहुतेकदा ते खरं असतं. 2005 मध्ये अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवण्याचा खेळ देऊन बघितलं. मित्र शेजारी बसले की 13 ते 16 वर्षांची मुलं एकटी असतानापेक्षा खूप जास्त धोका पत्करायची. मोठ्या माणसांत तसा फरक दिसला नाही.
मुसाफिर, त्या मुलाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला नाहीये ना? पोलिसांत प्रकरण गेलं तर मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे.

मुसाफिर
टाकला होता एकाने. रात्रीच काढायला लावला.

रानवारा
माझं उलटं. अकरावीत तिघं एका बाईकवर हायवेला निघालो होतो, लायसन कुणाकडेच नाही. मधला म्हणाला, "मला क्लासला जायचंय," आणि उतरला. लगेच मीही उतरलो. तो उतरला नसता तर मी तोंड उघडलंच नसतं.

चकली
भाजी टाकून आले. मुसाफिर, त्या तिसऱ्याचं काय झालं पुढे?

मुसाफिर
संध्याकाळी आईबरोबर आला होता. पेट्रोलचे पैसे घेऊन, सगळी सुट्टी नाणी. त्या दोघांची नावं मात्र अजून सांगत नाहीये. मीही परत विचारलं नाही.