अनुभव धागा: सातारा जिल्हा – तुमच्या गावचा पाऊस कसा असतो?

माझं माहेर जावळी तालुक्यात, बामणोलीच्या अंगाला. सासर माण तालुक्यात, दहिवडीपासून जवळ. जिल्हा एकच. पण लग्न होऊन आले त्या वर्षी आषाढात ढग बघून मी सवयीनं जळण झाकायला धावले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, ते आपल्यासाठी न्हाईत." ढग काळेभोर होते. बघता बघता माथ्यावरून पूर्वेला निघून गेले. दिवसभर पश्चिमेचं वारं, एवढं की पत्रा थडथडतो, वाळत घातलेलं लुगडं बोरीच्या काट्यात जाऊन अडकतं, आणि थेंब नाही. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्यावरच रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आमच्या माणमध्ये पाचशेच्या आसपास.

माहेरी मे महिन्यातच सगळी बेगमी. जळण, गोवऱ्या, वैरण घरात, भिंतींना गवताच्या झड्या. झड लागली की आठ-दहा दिवस ऊन दिसत नाही. मिठाला पाणी सुटतं. कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळतात, त्यामुळे आमच्या अख्ख्या वर्गाला धुराचा वास यायचा. आई अजून तरणा पाऊस, म्हातारा पाऊस असाच हिशेब ठेवते (पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा म्हातारा). सासूबाईंच्या तोंडी ही नावं नाहीत. त्यांचा सगळा जीव मघा, उत्तरा आणि हत्ती (म्हणजे हस्त) या नक्षत्रांवर.

हे शब्द आणि या सवयी आपल्याबरोबर संपू नयेत असं मला मनापासून वाटतं. म्हणून आपापल्या गावचं लिहा. डोळ्यांनी पाहिलेलं लिहा.

कोयनाकाठ

पाटण तालुका. आमच्याकडं वडील मुंबईला माथाडी कामाला होते, भातलावणीला मात्र रजा काढून यायचेच. तरवा (भाताची रोपं) काढायचा, चिखलणी करायची, पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन दिवसभर गुडघाभर पाण्यात. मला तो पाऊस कधी भीतीचा वाटला नव्हता.

2021 च्या जुलैनं ते बदललं. 23 तारखेच्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पडला. ताई, तुमच्या सासरी वर्षभर जेवढा पडतो त्याहून जास्त, एका दिवसात. आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव इथं दरडी घरांवर आल्या, माणसं गेली. आमची वाडी वाचली. त्या रात्री आवाज पावसाचा नव्हता, ओढ्यातून दगड गडगडत येत होते त्याचा होता. घर हादरतंय असं जमिनीवर झोपलेल्या आजीला आधी कळलं. तिनं आम्हाला उठवलं आणि देवळात नेलं. आता जुलैत जोर वाढला की आम्ही कोणी कपडे बदलून झोपत नाही. टॉर्च उशाला असतो. पुनर्वसनाचं बोलणं झालं, कागद झाले, आम्ही अजून त्याच उताराखाली राहतो.

भिलारची वाट

महाबळेश्वर तालुका. इथं पाऊस गेल्यावर खरी धाकधूक. स्ट्रॉबेरीची रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतो, तेव्हा परतीचा पाऊस लांबला की गादीवाफे बसतात, मुळं कुजतात, पुन्हा रोपं आणायची. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलाव, लिंगमळ्याकडं पहाटे दव गोठतं. पाहुणे गवतावरचे हिमकण बघायला येतात, आनंदानं यावं. आम्ही त्याच पहाटे कंदील घेऊन फळावर पांढरं चढलंय का ते बघत असतो. गोठलेलं फळ उन्हं वर आली की काळवंडतं.

मेंढरामागं

फलटण तालुका, धनगर. आमचं पंचांग मेंढराच्या खुरात. दिवाळी झाली की वाडा (मेंढरं, माणसं, बिऱ्हाड सगळं) हलतो, घाट उतरून कोकणात. तिकडं भात निघालेलं असतं, शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखत शेतकऱ्याला, धान्य आम्हाला. मृग जवळ आला की परतायचं, कारण कोकणच्या चिखलात मेंढीची खुरं कुजतात. म्हणजे जगाला कोरडा वाटणारा आमचा मुलूख पावसाळ्यात मेंढराला सगळ्यात चांगला. अंगभर गवत नसतं, पण जमीन कोरडी असते आणि वारं असतं. हल्ली वळीव आणि मोसमी पाऊस यांतला फरकच कळेनासा झालाय. वाटेत मे महिन्यातच गाठतो, लोकर भिजते, कोकरं गारठून जातात. एका रात्रीत माझी अकरा गेली. घोंगडीखाली दोन वाचवली.

खटावकर शेतकरी

2019 चा उन्हाळा मी बैलजोडीसह चारा छावणीत काढला. घर गावात, मुक्काम छावणीत. संध्याकाळी टँकर आला की आधी जनावरं, मग माणसं. माझा खिलारी बैल पेंढीतलं उसाचं वाढं (शेंड्याचा पाला) बाजूला करून कडबा शोधायचा, ते बघून पोटात कालवायचं. त्याच वर्षी ऑक्टोबरात परतीचा पाऊस असा बसला की काढून टाकलेल्या बाजरीच्या कणसांना रानातच मोड फुटले. दोन्ही एकाच वर्षी.

ज्वारीचं सांगतो. आमचं रान हस्ताच्या पावसावर. एक दणका पडावा, वाफसा यावा, आणि पेरणीची कुरी चालावी. मग थंडीच्या दवावर ज्वारी उभी राहते. ते काळं रान किती दिवस ओल धरून ठेवतं हे हातानं ढेकूळ फोडून बघितल्याशिवाय पटायचं नाही, वर कोरडं आणि वीतभर खाली गार. आता उरमोडी धरणाचं पाणी काही गावांत आलंय. ऊस दिसायला लागलाय. मला मात्र ज्वारी सोडवत नाही.

कऱ्हाडहून

आमच्याकडं पाऊस मोजतात तो धरणावर. कोयना भरायला आली, सहा वक्री दरवाजे किती फुटांनी उचलले, प्रीतिसंगमावर पाणी कुठल्या पायरीला लागलं. गावात पाऊस नसताना पूर येतो तो असा, वरच्या डोंगरातला.

कासजवळची

धुकं. जूनपासून चार महिने समोरचं झाड दिसत नाही. पठारावरची फुलं बघायला येणाऱ्यांनी फुलांत पाय ठेवू नये एवढी हात जोडून विनंती, ती फुलं तळहाताएवढ्या मातीवर उभी असतात.

मास्तरांची मुलगी

माझे वडील म्हसवडच्या बाजूला प्राथमिक शिक्षक होते. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होता. रोज सकाळी मोजपात्र डोळ्यांसमोर धरायचे आणि वहीत लिहायचे. सुट्टीच्या दिवशीही जायचे. मी सोबत जायचे, कारण झाकण काढायचं काम माझं होतं.

त्या वह्या आता माझ्याकडं आहेत. या धाग्यामुळे काल काढून बसले. जून, जुलै, ऑगस्ट, पानामागून पान त्यांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द, निरंक, निरंक, निरंक. शेऱ्याच्या रकान्यात कधी "वारा जोराचा", कधी "ढग आहेत". एका वर्षी हस्तातल्या एका तारखेला मात्र शाई सगळी फुटलीय, आकडा वाचता येत नाही. घरात येऊन लिहिण्याइतकाही धीर त्यांना निघाला नसावा.