मदत हवी आहे: हॉटेलच्या स्वीटमध्ये काचेचं पार्टिशन चालेल का?

नमस्कार मंडळी. शहरातल्या एका छोट्या बुटीक हॉटेलच्या स्वीटचं इंटिरियर करतोय. खिडकी एकाच बाजूला, त्यामुळे झोपायची खोली आणि बैठक यांच्यामध्ये भिंत घातली की बैठकीत भरदिवसा अंधार. रिब्ड (उभ्या पन्हळींच्या) काचेचं सरकतं पार्टिशन मला मनापासून आवडलंय: उजेड आरपार येतो, पलीकडचं माणूस मात्र नुसतं पुसट दिसतं. पण आवाजाचं काय? एक जण झोपलाय, दुसरा फोनवर बोलतोय, तर फटींतून सगळं ऐकू जाणार. ब्रश सीलने (फटी झाकणाऱ्या ब्रशसारख्या पट्टीने) कितपत फरक पडतो? की जाड पडदाही हवाच? दिवे २७०० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे, डिमरवर घेतोय. न्यूयॉर्कच्या मॉर्गन्स हॉटेलात १९८४ मध्ये फ्रेंच इंटिरियर डिझायनर आंद्रे पुतमान यांनी साध्या काळ्या-पांढऱ्या टाइल्समधून जो रुबाब आणला, तसं काहीतरी साधायचंय. अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.